फॉल कलर्स, पडकी गावं आणि सोबत आई

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी ग्रुपवर एकच चर्चा, यंदा फॉल कलर्सना, म्हणजे पानगळीआधीची रंगलेली झाडं बघायला, कुठे. उत्तरंही ठरलेली असतात, व्हरमाँट नाहीतर कॅट्सकिल्स, आणि अगदीच लहान मुलं असतील तर पोकोनोज. मला पण पानं आवडतात पण नुसत्या लाल पिवळ्या डोंगराचा फोटो काढला की तो सगळ्यांच्या फोटोसारखाच दिसतो, त्यात माझं काय. समोर काहीतरी मोडकं लागतं. गंजलेला पाईप, काच नसलेली खिडकी, छप्पर उडालेली भिंत असलं काही असलं की मला फ्रेम सुचते. त्यामुळे कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला जोडून दोन दिवस रजा टाकली आणि पेनसिल्व्हेनियाचा कोळशाचा पट्टा आणि त्याच्या वरचं जंगल असा रूट केला. नवरा ड्रायव्हर, मी फोटोग्राफर, आणि वाईहून सहा महिन्यांसाठी आलेली आई मागच्या सीटवर. तिला प्लॅन सांगितल्यावर म्हणाली, "पडकं बघायला एवढं पेट्रोल जाळायचं? मधल्या आळीत ये की, हवे तेवढे वाडे पडतायत."

शुक्रवार: बेथलेहेम

घरापासून सव्वा तास. बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीच्या पाच भट्ट्या अजून ओळीने उभ्या आहेत, साधारण २३० फूट उंच. शेवटचा लोखंडाचा रस इथे नोव्हेंबर १९९५ मध्ये निघाला, २००१ ला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मग इतक्या मोठ्या धुडाचं करायचं काय हा प्रश्न. त्यांनी ते पाडलं नाही, पुढे मोकळं मैदान आणि स्टेज केलं, आता तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात आणि मागे भट्ट्या रंगीत लाइटमध्ये. कच्चा माल वाहून नेणारी छोटी रेल्वे ज्या उंच पुलावरून जायची तो हूवर-मेसन ट्रेसल आता चालायला उघडा आहे, तिकीट नाही, आणि वर गेलं की भट्ट्यांच्या पोटाशीच उभं राहता येतं.

इतक्या दक्षिणेला अजून झाडं हिरवीच होती. पण एका जाड पाईपवर व्हर्जिनिया क्रीपरची वेल चढलेली, ती मात्र सगळ्यांच्या आधी लाल होते. तिच्या पानांचा लाल आणि गंजाचा तांबूस यात इतका कमी फरक होता की स्क्रीनवर दोन्ही एक झाले, मग ऊन ढगाआड जायची वाट बघत बसले, ढग आल्यावर पानं वेगळी सुटली. तिथेच अर्धा तास गेला.

आईचा प्रश्न, "एवढं लोखंड भंगारात का नाही घातलं?" नवऱ्याने तिला सांगितलं की परवा ब्राँक्सला जाताना आपण जो जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ओलांडला त्याचं स्टील याच कंपनीचं, आणि त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लाल पुलाचंही. तेव्हापासून ती भट्ट्यांकडे जरा आदराने बघायला लागली, म्हणजे मला फोटो काढू द्यायला लागली.

संध्याकाळी वाटेत जिम थॉर्प. डोंगराच्या घळीत बसलेलं देखणं गाव, पण फॉलमधल्या वीकेंडला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. गावाचं मूळ नाव मॉक चंक. जिम थॉर्प हा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवलेला नेटिव्ह अमेरिकन खेळाडू, तो १९५३ मध्ये वारला कॅलिफोर्नियात, आणि या गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कोळसा संपत चाललेला, गावाला टुरिस्ट हवे होते, त्याच्या बायकोला कुणीतरी स्मारक बांधणारं हवं होतं, सौदा जमला आणि १९५४ मध्ये गावाने त्याचं नाव घेतलं आणि त्याला इथे आणून पुरलं. त्याच्या मुलांनी वडिलांना परत न्यायला कोर्टात केस केली ती २०१५ पर्यंत चालली, निकाल गावाच्या बाजूने. आई म्हणाली, "मेलेल्या माणसालाही नोकरीला लावलं की."

मुक्काम हेझलटनला. जेवायला घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

टीप: पेनसिल्व्हेनियाचं वनखातं फॉलमध्ये दर आठवड्याला जिल्हावार रंगांचा नकाशा टाकतं, तो बघूनच निघा. उत्तरेचे डोंगर ऑक्टोबरच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात रंगतात आणि खालचा भाग शेवटच्या आठवड्यात, त्यामुळे आमच्यासारखं खालून वर गेलं की रोज रंग चढत जातो.

शनिवार: एकली आणि सेंट्रेलिया

एकली हे खाणकामगारांचं गाव आता सरकारी म्युझियम आहे. एकच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. एका टोकाला मजूर, पुढे कुशल खाणकामगार, त्यापुढे मुकादम, आणि दुसऱ्या टोकाला मालकाचा बंगला. कॅथलिकांचं चर्च वेगळं, मालकलोकांचं वेगळं. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे इथंही आळ्या होत्या."

गावाच्या मागे एक भलामोठा काळा लाकडी ब्रेकर उभा आहे. ब्रेकर म्हणजे कोळसा फोडून त्यातला दगड वेगळा काढायचा कारखाना. मोडायला आलेला, फळ्या निखळलेल्या, मी तर वेडीच झाले. मग तिथल्या म्हाताऱ्या गाईडबाई हसत म्हणाल्या की हा खरा नाहीच, १९६८ मध्ये इथे हॉलिवूडवाल्यांचं शूटिंग झालं तेव्हा उभा केलेला सेट आहे. खरे ब्रेकर एकेक करत पाडले गेले, विल्क्स-बॅरेजवळचा प्रसिद्ध ह्यूबर ब्रेकर २०१४ मध्ये गेला, आणि हा खोटा अजून उभा, आणि इतकी वर्षं पावसात राहून आता खराच पडायला आलाय. माझ्या कॅमेऱ्याला खरंखोटं कळत नाही, मी भरपूर काढले.

त्या बाईंचे आजोबा लहानपणी ब्रेकरवर कामाला होते. आठ-दहा वर्षांची पोरं घसरगुंडीवर पाय रोवून बसायची आणि खालून वाहत्या कोळशातला दगड हाताने वेचायची, हातमोजे घालायची परवानगी नाही कारण बोटांना दगड कळला पाहिजे. सुरुवातीचे आठवडे बोटं सुजून रक्ताळायची. हे सांगताना बाई स्वतःची बोटं चोळत होत्या. आईला इंग्रजी बेताचंच, पण तिने मला भाषांतर करू दिलं नाही, "कळलं मला" म्हणाली.

एकलीच्या आसपास जमीन कोळशाच्या चुऱ्याने काळीकुट्ट आहे. त्याच्या टेकड्याच्या टेकड्या, इकडे त्यांना कल्म बँक म्हणतात. अशा मातीत दुसरं काही पटकन येत नाही पण बर्च आणि अ‍ॅस्पन येतात. आता कल्पना करा, खाली काळी जमीन, त्यातून निघालेली पांढरी खोडं, वर पिवळीधमक पानं, आणि जी गळली ती काळ्यावर टाकल्यासारखी एकेक सुटी दिसतायत. व्हरमाँटच्या जंगलात पान पानावर पडतं, इथे कोळशावर पडतं. मी पोटावर झोपून एक बर्चचं पान काढलं, कडेने तपकिरी व्हायला लागलेलं, मधे अजून पिवळं आणि देठापाशी हिरवा ठिपका, शेजारी कोळशाचा चकाकणारा तुकडा. ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता फोटो तो आणि त्यात ना डोंगर ना इमारत. कपडे मात्र गेले, काळे कपडे घालून जा.

मग सेंट्रेलिया. इंटरनेटवर याचं फार भूत केलंय. झालं असं की मे १९६२ मध्ये गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्याला आग लावली, तो खड्डा जुन्या खाणीचा, आग खालच्या कोळशाच्या थराला लागली ती आजतागायत जळतेय. विझवायचे बरेच प्रयत्न झाले, दरवेळी पैसे कमी पडले. १९८१ मध्ये एका मुलाच्या पायाखालची जमीन खचली, झाडाच्या मुळाला धरून लटकला म्हणून वाचला. मग १९८४ मध्ये केंद्राने ४.२ कोटी डॉलर दिले, हजारावर लोकांचं गाव उठलं, घरं पाडली, २००२ मध्ये पिनकोडही काढून घेतला. २०२० च्या जनगणनेत माणसं ५.

धूर बघायला जाणार असाल तर निराश व्हाल, आता क्वचितच दिसतो. तो चित्रविचित्र रंगवलेला फुटका हायवेही नाही, एप्रिल २०२० मध्ये त्यावर माती टाकून बुजवला. आम्ही पोचलो तेव्हा दोन पोरं गाडीतून उतरून "इथे काहीच नाही" म्हणून परत निघाली होती. पण हे काहीच नाही नीट बघायला ऑक्टोबरच पाहिजे. उन्हाळ्यात गेले होते मागे, तेव्हा सगळं झाडीत बुडालेलं, हिरव्याशिवाय काही कळेना. आता पानं विरळ झाल्यावर गावाचा नकाशा वर येतो. काटकोनातले रस्ते, फुटपाथची दगडी कड, कडेला मधेच उतार दिलेला, म्हणजे इथे कुणाचं तरी गॅरेज होतं. त्या उताराच्या पुढे घर नाही, लाल झालेलं सुमॅकचं रान आहे. एका ठिकाणी तीन पायऱ्या आणि वर काही नाही.

टेकडीवर मात्र युक्रेनियन कॅथलिकांचं पांढरं चर्च आहे निळ्या घुमटांचं, १९११ चं, अजून वापरात. खाली पक्का खडक आहे असं तपासणीत निघालं म्हणून ते वाचलं. गावातून उठून गेलेल्यांची कुटुंबं अजून तिथे येतात. दफनभूमीही नीट राखलेली. तिथे एक काका कुत्रा घेऊन फिरत होते, शेजारच्या गावात राहतात, आईवडील इथे पुरलेत. मी जरा बिचकतच विचारलं की फोटो काढणाऱ्यांचा वैताग येत नाही का. म्हणाले, फोटोचा नाही, थडग्यावर बसून बिअर पिणाऱ्यांचा येतो. जाल तेव्हा एवढं सांभाळा, उरलेल्या घरांच्या अंगणात शिरू नका आणि रस्ता सोडून जमिनीवर भटकू नका, खाली पोकळ आहे.

दुपारी जेवण एका चर्चच्या तळघरात. बाहेर हाताने लिहिलेली पाटी, पिरोगी. आत साठी-सत्तरीच्या बायका मोठ्या पातेल्यांसमोर, पोलिश आणि युक्रेनियन खाणकामगारांच्या नाती-पणत्या. आतलं सारण बटाट्याचं, वर लोण्यात परतलेला कांदा. आई म्हणाली उकडलेली करंजी आहे ही, आणि सहा खाल्ल्या. मग तिने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून वर भुरभुरली, समोरच्या आजींनी मागून चाखली, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्या अजून मागायला लागल्या. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, काही ठिकाणी कांद्याबरोबर बेकन परततात.

रविवार: काँक्रीट सिटी आणि रिकेट्स ग्लेन

रात्रभर पाऊस. सकाळी नँटिकोकजवळ काँक्रीट सिटी. एका रेल्वे कंपनीने आपल्या खाणीतल्या लोकांसाठी १९११ मध्ये बांधलेली वसाहत, मधे चौक आणि भोवती २० जोडघरं, अख्खी काँक्रीटची. तेव्हा फार आधुनिक म्हणून कौतुक झालं. पण भिंतींना ओल यायची, १९२४ मध्ये सोडून दिली. पाडायला गेले तर एका घराला १०० काड्या डायनामाइट लावून पण पडलं नाही म्हणून नाद सोडला.

आता प्रत्येक भिंतीवर ग्राफिटी आणि छपरावर झाडं. खरंच, सपाट स्लॅबवर शेवाळ, त्यात माती, त्यात बर्च उगवलेत. एका घरात वरच्या मजल्याचा स्लॅब मधोमध फुटलेला, त्या भोकातून पिवळी पानं आत पडत होती आणि खाली साचलेल्या पाण्यावर तरंगत होती, भिंतीवर कुणीतरी गुलाबी स्प्रेने डोळा काढलेला. ढगाळ उजेड असल्यामुळे आत बाहेर दोन्ही नीट आलं, उन्हात आलं असतं तर बाहेरचं सगळं पांढरं झालं असतं. तिथे कॉलेजची चार मुलं रंगाचे डबे घेऊन आलेली. त्यातल्या एकाने आईला विचारलं तुमच्या भाषेत काही लिहू का, आईने सांगितलं आणि त्याने चित्र काढावं तसं एकेक वळण बघत "श्री" काढलं. नवरा म्हणाला आता हे घर डायनामाइटने पण पडणार नाही.

टीप: जाड तळाचे बूट घाला, काचांचा खच आहे. अंधारं तळघर असेल तिथे शिरू नका. एकटं तर जाऊच नका.

रिकेट्स ग्लेनमध्ये पडकं काही नाही, धबधबे आहेत, एकाच ट्रेलवर २० पेक्षा जास्त, सगळ्यात उंच गनोगा ९४ फूट. आदल्या रात्रीचा पाऊस फळला. कोरडी पानं फिकट दिसतात, भिजली की रंग गडद होतो, फक्त वर पाण्याची चकाकी येते ती लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून मारायची. ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाचा शटर, पाणी मऊ आणि खडकावर चिकटलेली मेपलची पानं स्पष्ट. पूर्ण ट्रेल ७.२ मैलांचा आणि पायऱ्या निसरड्या, आईला घेऊन शक्यच नव्हतं. पण रूट ११८ च्या बाजूने अ‍ॅडम्स फॉल्स अगदी जवळ आहे, आजूबाजूला कित्येक शतकं जुनी हेमलॉकची झाडं, तिथे तिला आणि नवऱ्याला थर्मास देऊन बसवलं आणि मी वरपर्यंत चढून आले. परत येऊन बघते तर आई एका स्क्रँटनच्या आजीआजोबांना चिवडा देत होती. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कना प्रवेश फी नसते हे जाता जाता.

रात्री वेल्सबरो. मेन स्ट्रीटवर अजून गॅसचे दिवे लागतात, सुंदर गाव, पण आम्ही पोचेपर्यंत हॉटेलं बंद होत आलेली, मॅगीवर भागवलं.

सोमवार: ऑस्टिनचं धरण, किंझुआ पूल

पहाटे उठून पाइन क्रीकच्या दरीवर सूर्योदय. धुकं इतकं की पुढचा कठडा दिसेना. आईने धुक्याकडे बघून "पाचगणी" म्हटलं आणि गाडीत जाऊन झोपली.

ऑस्टिन मला फोटोंपेक्षा जास्त लक्षात राहिलं. बेलिस नावाच्या कंपनीने कागद कारखान्यासाठी १९०९ मध्ये काँक्रीटचं धरण बांधलं. इंजिनिअरने जाडी ३० फूट सांगितली होती, कंपनीने पैसे वाचवायला २० केली. जानेवारी १९१० मध्ये धरण पुढे वाकलं, तडे गेले, तरी पुन्हा पाणी भरलं. ३० सप्टेंबर १९११ ला फुटलं आणि खालचं गाव गेलं, ७८ माणसं. ते तुकडे अजून तिथेच उभे आहेत, घराएवढे ठोकळे, थोडे फिरून तिरके झालेले, मधून ओढा वाहतोय. आम्ही गेलो तेव्हा एका ठोकळ्याच्या सावलीत अजून दव होतं आणि बाकीच्यावर ऊन. तुटलेल्या काँक्रीटमध्ये भरीला घातलेले मोठे दगड उघडे दिसतात, हात लावून बघता येतं. मी पानशेतचं सांगायच्या आधीच आई म्हणाली, "६१ साली पुण्यात आत्या होती माझी." मग तिने ती सगळी गोष्ट सांगितली आणि मी कॅमेरा खाली ठेवून ऐकत बसले.

पार्कात गवत कापणारे एक आजोबा थांबून बोलायला लागले. मी त्यांच्या डोंगरांचं कौतुक केलं, मागे अक्षरशः आग लागल्यासारखा मेपल. ते म्हणाले हे काही मूळचं जंगल नाही. शंभर वर्षांपूर्वी इथे झाड नव्हतं. पाइन आणि हेमलॉक सगळे तोडले, लाकडासाठी आणि कातडी कमवायला लागणाऱ्या सालीसाठी, उरलेल्या फांद्यांना वणवे लागले आणि या भागाला लोक पेनसिल्व्हेनियाचं वाळवंट म्हणायचे. मग जे आपोआप उगवलं त्यात मेपल, चेरी, बर्च जास्त. हेमलॉक आणि पाइन तर बारमाही हिरवे, म्हणजे लोकांनी जंगल संपवलं नसतं तर आज हा लाल डोंगर बराचसा हिरवाच दिसला असता. मी तीन दिवस पडक्या वस्तूंच्या मागे रंगीत डोंगर घेऊन फोटो काढत होते आणि डोंगरही त्याच पडझडीतला निघाला. नंतर मी फोटो बघताना मागच्या झाडांकडे पण बघायला लागले.

लालाचं म्हणाल तर पिवळा रंग पानात आधीच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र झाड शेवटी शेवटी नव्याने बनवतं, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की जास्त. यंदा तो जमला होता.

दुपारी किंझुआ. १८८२ चा रेल्वेचा पूल, ३०१ फूट उंच, १९०० मध्ये पोलादात नव्याने बांधला. २१ जुलै २००३ ला टोर्नेडोने अर्ध्या मिनिटात २० पैकी ११ मनोरे आडवे केले. दुरुस्ती चालूच होती तेव्हा. मग त्यांनी उभा राहिलेला भाग दुरुस्त करून २०११ मध्ये त्यावर स्कायवॉक केला, रुळांवरून चालत दरीच्या मधोमध जायचं आणि टोकाला काचेची जमीन, खाली सव्वादोनशे फूट. पडलेले मनोरे आहेत तसेच दरीत ठेवलेत. चार वाजताच्या तिरप्या उन्हात ते गंजलेले सांगाडे आणि भोवती पेटलेली दरी, मी त्या दोन तासांत काय काढलं मला आठवत नाही, कार्ड भरलं एवढं खरं. नवरा काचेवर यायला तयार नाही. आई चपला काढून सरळ काचेवर जाऊन उभी, "देवळासारखं चकचकीत ठेवलंय."

एक रिटायर्ड काका भेटले, पूल पडायच्या आधी इथून टुरिस्ट ट्रेन जायची त्यातून ते मुलांना घेऊन गेले होते. म्हणाले, तेव्हा हळू चालवायचे, आणि सगळे एका बाजूच्या खिडकीत गर्दी करायचे आणि माझी बायको ओरडायची, दोन्हीकडे बसा रे.

टीप: सूर्य मावळतीला पूल सोनेरी होतो पण दरी लवकर अंधारते, साडेतीन-चारपर्यंत पोचा. टेलिलेन्स न्या, पडलेल्या मनोऱ्यांचे तपशील वाइडमध्ये येत नाहीत, माझी १८-१४० ची लेन्स जेमतेम पुरली. दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवतात, आधी बघून निघा.

मंगळवार

रूट ८० ने सरळ घर, पाचेक तास, वाटेत अ‍ॅपल सायडर डोनट. आईने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले ते सगळे चर्चमधल्या बायकांबरोबरचे आणि पिरोगीचे. चटणीची रेसिपी इंग्रजीत लिहून त्या आजींना पाठवायचं काम माझ्याकडे आलंय.

पुढच्या वर्षी ब्रीझवुडचा सोडून दिलेला टर्नपाइक करायचाय, १९६८ पासून बंद असलेला १३ मैलांचा हायवे, मधे दोन अंधारे बोगदे. तो दक्षिणेला आहे म्हणजे ऑक्टोबरचा तिसरा-चौथा आठवडा धरावा लागेल आणि सायकली लागतील. कुणी येणार असेल तर सांगा, नवरा आत्ताच गुडघ्याचं कारण द्यायला लागलाय.